सिग्नल लाल पडला म्हणजे यंत्रणा बिघडली का?

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: बोलताना मी जितक्या वेळा 'म्हणजे' आणि 'बेसिकली' म्हटलंय, त्यातलं बरंचसं काढून टाकलंय. उरलेलं सांभाळून घ्या.

तर, जुलैतली सकाळ. सायन-कुर्ल्याला पाणी भरलेलं, आणि आमची डोंबिवलीहून निघालेली फास्ट लोकल विद्याविहारच्या पुढे येऊन ठप्प. फोनवर बातमी आलीच, 'सिग्नल यंत्रणेत तांत्रिक बिघाड'. शेजारी उभे असलेले काका वैतागून म्हणाले, "एवढे कोटी घालतात, कॉम्प्युटर बसवतात, आणि चार थेंब पडले की सिग्नल मेला!" मी मान डोलावली. त्या गर्दीत वाद घालायला श्वास तरी कुठे शिल्लक असतो? पण खरं सांगायचं तर सिग्नल मेला नव्हता. ज्या क्षणासाठी तो बनवलाय, नेमकं तेच तो त्या क्षणी करत होता.

हे पटायला आधी रुळाखाली बघू. गाडी कुठे आहे हे सिग्नलला कळतं कसं? यावरची एक जुनी आणि अजूनही चालू असलेली युक्ती म्हणजे ट्रॅक सर्किट. रुळांचा एक तुकडा घ्यायचा, शेजारच्या तुकड्यांपासून तो विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाला काही व्होल्टचा पुरवठा, दुसऱ्या टोकाला एक रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच. वीज एका रुळातून जाते, रिलेतून फिरते, दुसऱ्या रुळातून परत येते. रिले वर ओढलेला राहतो. अर्थ, रूळ मोकळा. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, विजेला जवळचा रस्ता मिळतो, रिलेपर्यंत ती पोचतच नाही, आणि रिले खाली पडतो. अर्थ, गाडी आहे, मागचा सिग्नल लाल.

आता मजा बघा. वायर तुटली? रिले पडतो. पुरवठा गेला? पडतो. रूळ तडकून दोन तुकडे झाले? बहुतेक वेळा पडतोच. पाणी साचलं आणि खडीतून एका रुळाची वीज दुसऱ्या रुळात झिरपायला लागली? रिलेला पुरेशी वीज मिळत नाही, तो पडतो. सगळ्या रस्त्यांच्या शेवटी लाल. विद्याविहारला आम्ही उभे होतो ते यामुळे. त्या तुकड्यावर गाडी नसेलही, पण 'नाही' असं खात्रीने सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

ही रचना सुचलेला अमेरिकन इंजिनिअर विल्यम रॉबिन्सन. आणि त्याची पहिली रचना उलटी होती! तिच्यात गाडी आल्यावर सर्किट पूर्ण व्हायचं आणि धोक्याची खूण व्हायची. कागदावर दोन्ही सारखंच वाटतं. पण पहिल्या रचनेत वायर तुटली तर गाडी येऊनही काहीच होणार नाही, सिग्नल खुशाल मोकळा दाखवत राहील. हे त्याच्या लक्षात आलं, त्याने सगळं उलटवलं, आणि १८७२ मध्ये 'बंद सर्किट'चं पेटंट घेतलं. म्हणजे हिरव्यासाठी पुरावा लागतो. लालसाठी काहीच लागत नाही. फेल-सेफ म्हणजे कधीच न बिघडणारं यंत्र, असा आपला समज असतो. खरं म्हणजे ते बिघडणार हे गृहीत धरूनच, बिघडल्यावर कुठल्या बाजूला पडायचं हे आधी ठरवून ठेवलेलं असतं.

सिग्नलचे रिलेही साधेसुधे नसतात. वीज गेली की आतला भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो. स्प्रिंगवर एकवेळ भरवसा नसेल, पण गुरुत्वाकर्षण कधी संपावर जात नाही. त्यातले महत्त्वाचे संपर्क चांदी आणि चांदी मिसळलेला कार्बन अशा जोडीचे करतात, कारण धातूला धातू लागला की ठिणगीने ते एकमेकांना चिकटू शकतात. चिकटले तर रिले पडणार नाही, आणि तो खोटं बोलेल. सव्वाशे-दीडशे वर्षं माणसांनी या एका वस्तूच्या खोटं बोलण्याच्या वाटा एकेक करून बुजवल्या.

मग आले कॉम्प्युटर. आणि इथे माझ्यासारख्या बीटेकवाल्याची गोची होते.

मोठ्या जंक्शनवर कुठला सांधा कुठे वळलाय, कुठल्या मार्गावर कुठली गाडी आहे, कुठला सिग्नल कधी हिरवा होऊ शकतो, याचे नियम एकमेकांत गुंतवलेले असतात. त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. पूर्वी हे हजारो रिले करायचे, खोल्याच्या खोल्या भरून. आता तेच काम सॉफ्टवेअर करतं. पण रिले कुठल्या बाजूला पडणार हे माहीत असतं, प्रोसेसरचं तसं नाही. मेमरीतला एखादा बिट बिघडला तर तो ० वर अडकेल की १ वर, हे कोण सांगणार? चिपला गुरुत्वाकर्षण नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे एकापेक्षा जास्त कॉम्प्युटर. ब्रिटनमध्ये १९८५ साली लेमिंग्टन स्पा इथे सॉलिड स्टेट इंटरलॉकिंग सुरू झालं, त्यात तीन प्रोसेसर एकच हिशेब करायचे आणि दोघांचं जमलं तर निर्णय पुढे जायचा. तिसरा वेगळं बोलला तर त्याला बाजूला काढायचं. दोघेच उरले आणि त्यांचंही जमेना, तर सगळं बंद, सिग्नल लाल. याला टू आउट ऑफ थ्री म्हणतात, आणि आजही ही पद्धत सर्रास वापरतात.

पण तिन्ही प्रोसेसरवर एकच प्रोग्रॅम असेल आणि चूक प्रोग्रॅममध्येच असेल तर? तिघेही एकमताने चुकतील. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७८ साली कॉम्प्युटरवर चालणारं इंटरलॉकिंग बसवलं, तेव्हा त्यांनी एकाच कामाचे दोन वेगळे प्रोग्रॅम वेगळ्या टीमकडून लिहून घेतले. कल्पना झकास. पण १९८६ मध्ये नाइट आणि लेव्हसन या संशोधकांनी एकाच कामाचे २७ प्रोग्रॅम वेगवेगळ्या लोकांकडून लिहून घेऊन तपासले, तेव्हा दिसलं की वेगवेगळी माणसंसुद्धा अवघड जागी एकसारख्या चुका करतात. कॉलेजात प्रॅक्टिकलला एकमेकांचं न बघताही सगळ्या बॅचचं उत्तर एकाच ठिकाणी चुकलंय, असं तुमच्याही बाबतीत झालं असेलच. म्हणून पॅरिस मेट्रोच्या १४ नंबरच्या लाइनसाठी, जी १९९८ मध्ये सुरू झाली, सुरक्षेचं सॉफ्टवेअर गणिती सिद्धता देत देत लिहिलं. त्या पद्धतीचं नाव बी-मेथड. भारी प्रकार आहे, त्यावर वेगळा भाग करीन.

मला मात्र सगळ्यात आवडलेली युक्ती अगदी गावठी आहे. हिरव्याची परवानगी देणारा आउटपुट '१' करून तसाच सोडून द्यायचा नाही, तो सतत १-०-१-० असा नाचवत ठेवायचा. पुढे एक ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरमधून स्थिर वीज पलीकडे जात नाही, बदलती वीजच जाते. त्यामुळे प्रोग्रॅम हँग झाला तर आउटपुट ० वर अडको किंवा १ वर, पलीकडे काहीच पोचत नाही. रिले पडतो. लाल! रात्री सोसायटीचा वॉचमन काठी आपटत फिरतो ना, तसंच. आवाज येतोय तोवर तो जागा आहे. आवाज थांबला तर 'सगळं ठीक असेल' असं समजून कूस बदलायची नसते.

इथे थोडं माझं स्वतःचं. माझ्या आधीच्या एका नोकरीत आम्ही शीतगृहांच्या तापमानाचा डॅशबोर्ड बनवला होता. सेन्सरकडून आकडा आला नाही तर स्क्रीन रिकामी दिसते, वाईट दिसतं, म्हणून मी दोन ओळी लिहिल्या: नवा आकडा नसेल तर शेवटचा आकडा दाखव. रिव्ह्यूमध्ये कौतुक झालं. मग एका रात्री तिकडचं नेटवर्क गेलं आणि कूलिंगही बंद पडलं. आमची स्क्रीन सकाळपर्यंत '४ अंश' दाखवत होती. हिरव्या रंगात. एका ग्राहकाचा भाजीचा माल गेला. माणूस कुणी गेला नाही, म्हणून मी आज हे तुम्हाला हसत सांगू शकतो.

त्यानंतर चीनमधल्या वेंझोऊच्या अपघाताबद्दल वाचताना मला घाम फुटला. २३ जुलै २०११ ची संध्याकाळ. विजा कडाडत होत्या. स्टेशनातल्या सिग्नल उपकरणाचा एक भाग ट्रॅक सर्किटची माहिती गोळा करून पुढे द्यायचा. विजेमुळे त्याचा फ्यूज उडाला. नवी माहिती येणं थांबलं. आणि त्या उपकरणाने काय केलं? शेवटची माहिती धरून ठेवली. शेवटच्या माहितीप्रमाणे तो तुकडा मोकळा होता. प्रत्यक्षात थोड्या वेळाने तिथे एक गाडी अडकून पडली, कारण विजेने ट्रॅक सर्किटलाही दणका दिला होता. मागून येणाऱ्या दुसऱ्या वेगवान गाडीला 'मोकळं आहे' असाच संदेश मिळत राहिला. टक्कर पुलावर झाली, डबे खाली कोसळले, ४० माणसं गेली. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या सरकारी अहवालात त्या उपकरणाच्या रचनेतच गंभीर दोष असल्याचं म्हटलं होतं.

माहिती नसणं आणि धोका नसणं, या दोन गोष्टी त्या यंत्राने एक मानल्या. माझ्या दोन ओळींनीही तेच केलं होतं. रॉबिन्सनने १८७२ मध्ये जी चूक उलटवली, ती सॉफ्टवेअरमध्ये आम्ही इतक्या सहज परत करतो! कॅश, डिफॉल्ट व्हॅल्यू, एरर आली तर गिळून टाकणं, हे सगळं आमच्या हाताला सवयीचं झालंय. शॉपिंगच्या ॲपमध्ये ते चालतं. सिग्नलमध्ये प्रत्येक संदेशावर वेळ आणि क्रमांक असावा लागतो, आणि ठरलेल्या वेळेत नवा संदेश आला नाही तर जुना फेकून देऊन लाल धरायचं असतं.

बरं, समजा हे सगळं नीट केलं. रेल्वेच्या जगात सुरक्षेची वरची पायरी म्हणजे सिल-४. एखाद्या कामात धोकादायक बिघाड होण्याची शक्यता दर तासाला १० कोटींत एकापेक्षाही कमी असली पाहिजे, असा तो निकष. १० कोटी तास म्हणजे ११,००० वर्षांहून जास्त. आकडा ऐकला की वाटतं, संपला विषय.

मग बहानगा बाजार.

ओडिशात बालासोर जिल्ह्यातलं हे स्टेशन. २ जून २०२३, संध्याकाळी सातच्या सुमारास कोरोमंडल एक्स्प्रेस तिथून न थांबता पुढे जाणार होती. सिग्नल हिरवा, सरळ मुख्य लाइनवरून जा. पण सांधा वळलेला होता लूप लाइनकडे, आणि लूप लाइनवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. गाडी पूर्ण वेगात तिच्यावर आदळली, डबे शेजारच्या लाइनवर फेकले गेले, तिथून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा गाडीलाही लागले. २९० हून जास्त माणसं गेली. स्टेशनवर इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होतं. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, हे होऊच नये म्हणून तर ते बसवलेलं असतं.

पुढचे काही दिवस प्रत्येक चॅनलवर 'सिस्टीम फेल-सेफ आहे, मग हे झालंच कसं' हा प्रश्न फिरत होता. घातपाताच्या थिअऱ्या तर व्हॉट्सॲपवर तयारच होत्या. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून जे समोर आलं ते फार साधं होतं, आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारं. स्टेशनच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत पूर्वी कधीतरी सर्किटमध्ये बदल केले होते, त्यात चुका राहिल्या होत्या. त्यातच फाटक क्रमांक ९४ चा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचं काम निघालं, आणि त्या कामातही चुका झाल्या. परिणाम असा, की सांधा लूपकडे वळलेला असताना यंत्रणेला तो सरळ असल्याचं कळत होतं.

म्हणजे कॉम्प्युटरने हिशेब बरोबर केला. मतदान घेतलं असतं तरी तीनपैकी तिघांनी हिरव्यालाच मत दिलं असतं. कारण तिघांच्याही कानात एकच खोटी बातमी एकाच वायरने येत होती. ११,००० वर्षांचा तो आकडा पेटीच्या आतला आहे. पेटीच्या बाहेर, गुमटीतल्या टर्मिनलवर कुणी कुठली वायर कुठे लावली, नकाशा आणि प्रत्यक्ष वायरिंग जुळतंय का, हे त्या आकड्याच्या हद्दीबाहेर राहतं.

याचा अर्थ त्या हद्दीबाहेर नियम नाहीत असं अजिबात नाही. आपल्या रेल्वेत सिग्नलच्या उपकरणाला हात लावण्याआधी तंत्रज्ञाने स्टेशन मास्तरला लेखी डिसकनेक्शन मेमो द्यायचा असतो, काम संपून तपासणी झाल्यावर रिकनेक्शनचा. रिले रूमला दोन कुलपं असतात, एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नलच्या माणसाकडे, म्हणजे एकट्याला आत जाता येऊ नये. आणि वायरिंगला हात लागला की जुळणी तपासायची. एक माणूस प्रत्यक्ष सांध्यापाशी उभा राहून तो कुठे वळलाय ते बघतो, दुसरा पॅनलवर काय दिसतंय ते बघतो, आणि दोघं पडताळतात. कंटाळवाणं काम आहे. उन्हात उभं राहून, गाड्या खोळंबलेल्या असताना, कंट्रोलमधून 'झालं का, झालं का' असे फोन येत असताना करायचं काम. प्रॉडक्शन डाउन असताना टेस्ट न चालवता फिक्स ढकललेला प्रत्येक इंजिनिअर हा दबाव ओळखतो. मी ढकललाय. दोनदा.

बहानगाच्या चौकशीतली आणखी एक नोंद मला विसरता येत नाही. त्याच खरगपूर विभागात बांकडा नयाबाज स्टेशनवर १६ मे २०२२ रोजी चुकीच्या वायरिंगमुळे आणि केबलच्या दोषामुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच धडा घेऊन वायरिंग दुरुस्त केलं असतं तर बहानगाचा अपघात झाला नसता, असं अहवालात म्हटलंय. मी त्या आधीच्या घटनेला 'नियर मिस' म्हणणार नाही. आमच्या भाषेत तो सरळ बग रिपोर्ट होता.

आता परत विद्याविहारला येऊ, कारण काकांच्या वैतागातही एक खरी गोष्ट होती. लाल सुरक्षित असतो, पण फुकट नसतो. लोकलच्या मार्गावर स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर नियम असा की मोटरमनने दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबायचं आणि मग अतिशय सावकाश, समोर नजर ठेवून पुढे जायचं. तुमची लोकल जी गोगलगायीसारखी सरकते, ती यामुळे. त्या वेळी सुरक्षा यंत्राच्या हातातून निघून माणसाच्या डोळ्यांवर आणि हातातल्या कागदावर आलेली असते. १७ जून २०२४ ला उत्तर बंगालमध्ये रंगापाणीजवळ काय झालं? स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद, म्हणजे यंत्रणा आपल्या बाजूने सुरक्षित पडलेली. गाड्या लेखी परवानगीवर सोडल्या जात होत्या. मागून आलेली मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. चौकशीत दिसलं की सिग्नल बंद असताना गाड्या कशा चालवायच्या याचीच अंमलबजावणी चुकली होती, परवानगीच्या कागदावर वेगही लिहिलेला नव्हता. म्हणून पाणी साचलं की पडणारं सर्किट बघून 'सुरक्षित आहे, चालू दे असंच' म्हणणंही बरोबर नाही. जितक्या वेळा यंत्र लाल होऊन हात वर करतं, तितक्या वेळा आपण थकलेल्या माणसांवर भार टाकतो. पाणी भरणाऱ्या जागी ट्रॅक सर्किटऐवजी ॲक्सल काउंटर लावतात ते त्यासाठीच. ते तुकड्यात किती आस आत गेले, किती बाहेर आले हे मोजतात, खडीतून वीज झिरपण्याचा प्रश्न तिथे येत नाही. हिशेब जुळला नाही तर तेही 'गाडी आहे' असंच धरतात, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल.

शेवटी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हॉइस नोटवर विचारलेला प्रश्न: बहानगाला 'कवच' असतं तर? कवच ही आपली देशी ट्रेन प्रोटेक्शन यंत्रणा, सिल-४ दर्जाची, २०२० मध्ये राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलेली. लाल सिग्नल ओलांडायला निघालेल्या गाडीला ती स्वतः ब्रेक लावते. त्या मार्गावर ती तेव्हा नव्हती. पण सिग्नल लाल की हिरवा, हे स्टेशनवरचं कवच विचारतं कुणाला? त्याच इंटरलॉकिंगला. आणि इंटरलॉकिंगला त्या संध्याकाळी वायरने सांगितलं होतं की सांधा सरळ आहे. त्यामुळे माझं उत्तर: लाल ओलांडून होणाऱ्या टकरींसाठी कवच हवंच, जितक्या लवकर तितकं बरं. बहानगासाठी मात्र कुणीतरी गुमटीच्या बाहेर, सांध्यापाशी जाऊन उभं राहायला हवं होतं.

पुढच्या भागात बी-मेथड, कागद-पेन घेऊन बसा. आणि हो, त्या दिवशी आमच्या मोटरमनने किती वेळ गाडी थांबवली ते मी फोनवर मोजलं होतं. त्या सिग्नलला १ मिनिट ४ सेकंद.